कौलारू छपराची दुरुस्ती : खर्च किती यावा?

रोहिणी नक्षत्र निम्मे सरले, की बेळगाव-खानापूरकडच्या जुन्या घरांतून एकच बोलणे ऐकू येऊ लागते. गेल्या वर्षी माजघरात गळले होते, देवघराच्या कोपऱ्यात ओल आली होती, आणि गवंडी तर ‘उद्या येतो’ म्हणून गेला तो गेलाच. मृग आठवड्यावर येऊन ठेपलेला असतो. गवंड्याला वीस घरची बोलावणी असतात. अशा वेळी तो जो आकडा सांगेल त्याला मान डोलावण्यावाचून घरधन्यास गत्यंतर उरत नाही. हा आकडा मुळात कसा तयार होतो, हे ठाऊक असले तर मान डोलावण्यापूर्वी दोन प्रश्न तरी विचारता येतील. म्हणून आजचे हे भाषण.

मी बोलणार आहे ते मंगळुरी कौलांच्या छपराविषयी. माळव्यात ज्यांना कवेलू म्हणतात, त्या नळीच्या कौलांचा हिशेब काहीसा निराळा आहे. मात्र लाकडाविषयी मी जे सांगेन, ते त्या घरांनाही तितकेच लागू पडावे.

पहिली चूक होते ती क्षेत्रफळात. घर २० फूट रुंद व ३० फूट लांब, म्हणजे ६०० चौरस फुटांचे, तेव्हा छप्परही ६०० फुटांचे असणार, असे आपण समजतो. वास्तविक भिंतीबाहेर चोहोंकडे दोन-दोन फुटांची वळचण असते. म्हणजे छपराखालची जागाच २४ गुणिले ३४ फूट झाली. त्यात पाखे उतरते. उतार ३० अंशांचा असेल तर क्षेत्र आणखी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते. हिशेब केला तर छप्पर भरते सुमारे ९४० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ साडेनऊ ब्रास. गवंडी साडेनऊ ब्रास म्हणाला की तो फसवीत आहे असे पुष्कळांना वाटते. तो बिचारा खरे बोलत असतो.

एका ब्रासला सुमारे १४० कौले बसतात. तेव्हा या घरावर तेराशेच्या आसपास कौले आहेत. एक कौल दोन ते तीन किलो वजनाचे. म्हणजे कोरड्या दिवसांत तीन टनांहून अधिक भार वाशांच्या डोक्यावर असतो, आणि कौल पाणी पिते म्हणून पावसाळ्यात तो आणखी वाढतो.

आता पैशांकडे वळू. पुढील भाव मी केवळ हिशेबाच्या सोयीसाठी धरीत आहे. त्या जागी तुमच्या गावचे भाव घालावेत. सर्व कौले उतरून, झाडून पुन्हा लावणे, म्हणजे परतणी, करावयाची आहे. दोन गवंडी व तीन गडी यांना चार दिवस लागतील असे धरू. गवंड्याचा रोज १,००० रुपये व गड्याचा ७०० रुपये धरला, तर मजुरी १६,४०० रुपये होते. दहांत एक कौल फुटके निघाले तर १३० नवी कौले, ४० रुपयांप्रमाणे ५,२०० रुपये. आढ्यावरचे कोने तीसेक, ६० रुपयांप्रमाणे १,८०० रुपये. सिमेंट-वाळूचे २,५०० व गाडीभाड्याचे २,००० रुपये. बेरीज २७,९०० रुपये. यात डोळ्यांत भरण्यासारखी गोष्ट अशी, की आपण ज्या कौलांच्या भावावरून घासाघीस करतो, ती कौले एकूण खर्चाचा पाचवा हिस्सादेखील नाहीत. अर्ध्याहून अधिक रक्कम माणसांच्या श्रमाची आहे.

परंतु खर्चाचे खरे पारडे कौलांखाली असते. कौले उचलल्यावर रिपांचा एक तृतीयांश भाग किडलेला निघाला असे समजा. या घराच्या रिपांची एकूण लांबी सुमारे ९०० फूट. त्यांपैकी ३०० फूट बदलावयाच्या, फुटाला ३० रुपये धरले तर ९,००० रुपये. सहा वासे बदलावे लागले, प्रत्येक १४ फूट लांब आणि तीन बाय चार इंच जाडीचा, तर ७ घनफूट लाकूड लागेल. घनफुटाला २,००० रुपये धरल्यास १४,००० रुपये. दोन सुतारांचे चार दिवसांचे ८,००० रुपये. हे झाले ३१,००० रुपये! म्हणजे केवळ सहा वासे आणि काही रिपा यांनी खर्च दुपटीहून वर नेला. लाकूड सागाचे हवे असा आग्रह धरलात तर तो याहूनही वर जाईल. किंदळ किंवा मत्तीचे लाकूड आपल्याकडच्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहे, हे सागाचे नाव घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

अडचण अशी, की वाशाची खरी स्थिती अंगणात उभे राहून कळत नाही. माझ्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांना अशाच एका कंत्राटदाराने एका ओळीचे अंदाजपत्रक दिले होते : ‘छप्पर दुरुस्ती’ आणि पुढे एकच मोठी रक्कम. ती पाहून गृहस्थांनी हाय खाल्ली, आणि वडिलार्जित घर विकून टाकावे असे मुलाशी बोलणेही सुरू केले. शेवटी कोणीतरी त्या ओळीची फोड मागितली. तेव्हा कळले, की माळ्यावर न चढताच सगळे लाकूड नवे धरले होते. दुसऱ्या गवंड्याने कौले काढली. मागच्या पाख्याला जेथे दोन उतार मिळतात, तेथील पन्हळीचा पत्रा गंजून भोक पडले होते आणि त्याखालचे चार वासे कुजले होते. बाकी लाकूड ठणठणीत. पहिल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्चात काम झाले. गृहस्थ अद्याप त्याच घरात राहतात.

म्हणून अंदाज मागण्यापूर्वी स्वतः माळ्यावर जावे. भर दुपारी दारे-खिडक्या लावून वर पाहिले म्हणजे फटींतून उन्हाचे कवडसे दिसतात. तेथे कौल सरकलेले किंवा तडकलेले असते. वासा भिंतीवर जेथे टेकतो, तेथे दाभण टोचून पाहावे. ते सहज आत शिरले तर लाकूड गेले म्हणून समजावे. जमिनीवर थेंब जेथे पडतो, त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. पाणी रिपेवरून, वाशावरून वाहत येऊन चार-पाच फूट खाली ठिबकते. याच कारणाने चांगली कौले बदलली जातात आणि गळती तशीच राहते.

कौलांची आणखी एक गोम आहे. प्रत्येक कारखान्याचा साचा थोडा निराळा असतो, आणि एकाची खाच दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ मध्ये काढला, आणि त्यांच्या कौलांवर तो सनही उमटवलेला आढळतो. त्यामुळे आपले छप्पर १८६५ चे आहे असे अभिमानाने सांगणारे लोक मला भेटले आहेत. तो सन कारखान्याचा, कौलाचा नव्हे. असो. जुनी व नवी कौले सरमिसळ लावू नयेत. मागचे पाखे पूर्ण नव्या कौलांचे करावे आणि तेथून निघालेली चांगली जुनी कौले पुढच्या पाख्यातील फुटक्यांच्या जागी लावावीत. यात नवी कौले अधिक लागतात, पण सांधे बसतात. नवे कौल घेताना ते बोटाने वाजवून पाहावे. नीट भाजलेले कौल खणखणीत वाजते. दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यावर ज्याचे वजन पाचव्या हिश्शाहून अधिक वाढते, ते घेऊ नये.

काम उक्ते द्यावे की रोजाने? कौलांचे काम उक्ते द्यावे, कारण ते मोजता येते. लाकडाचे मात्र कधीही उक्ते देऊ नये. रिपेचा फुटाचा व वाशाचा घनफुटाचा दर आधी कागदावर लिहून घ्यावा, आणि कौले उतरल्यावर दोघांनी मिळून, खडूने खुणा करीत, बदलावयाचे लाकूड मोजावे. जुने लाकूड व जुनी कौले कोणाची, हेही त्याच कागदावर असू द्यावे. यावरून झालेली भांडणे मी पाहिली आहेत. सगळी रक्कम इसार म्हणून कोणी मागितली, तर दुसरा गवंडी पाहावा.

कौले काढून पत्रे घालण्याचा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. पत्रा हलका आणि दरसालच्या परतणीपासून सुटका करणारा, हे मान्य. पण चैत्रात त्याखाली बसून दाखवावे, आणि आषाढात त्याखाली झोपून दाखवावे. शिवाय वासे कुजलेले असतील तर पत्र्याखालीही ते बदलावेच लागतात; तो खर्च पत्र्याने वाचत नाही.

ज्यांचे छप्पर यंदा उघडावयाचे राहून गेले असेल, त्यांनी पाऊस लागल्यावर जेथे जेथे ठिबकते तेथे वरच्या वाशाला खडूने खूण करून ठेवावी आणि दिवाळीनंतर गवंड्याला बोलवावे. तेव्हा त्याला सवड असते, लाकूड सुकलेले असते, आणि आकड्यावर बोलणे निवांत होते.