नळीतलं तांबं आणि कल्हईवाला

तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट कढी ठेवली तर ती कळकते, हे आपल्या आज्यांना शाळेत न जाताही ठाऊक होतं. म्हणून गल्लीत कल्हईवाल्याची हाळी आली की भांडी बाहेर निघत. त्याच्या झोळीत कथील असे आणि नवसागर असे. श्रोतेहो, या दोन वस्तूंचं नातं सैनिकाच्या रायफलीशीही आहे.

जळगाव जिल्ह्यात वरणगावला आयुध निर्माणी आहे. तिथे रायफलीची काडतुसं बनतात. लष्करी गोळीला बहुधा तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचं कवच असतं. इन्सास रायफलीतून ती सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगानं सुटते. नळीतल्या पेचदार खाचा तिला भोवऱ्यासारखी फिरवतात. या घासण्यात कवचाचं थोडं तांबं नळीला चिकटतं. थर वाढला की नेम ढळतो आणि थराखाली ओल अडकली तर पोलाद गंजतं. रणांगणावर ढळलेला नेम जिवाशी येतो.

स्वप्निल कुसळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या खेळातली गोळी शिशाची, बिनकवचाची असते. तिथे तांब्याचा त्रास नाही, शिशाचा मात्र असतो.

मग उपाय काय? पहिला कथिलाचा. फ्रेंच तोफखान्यात दारूसोबत कथील घालण्याची युक्ती निघाली. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत ते रायफलीच्या दारूतही आलं. कथील तांब्यात मिसळलं की थर ठिसूळ होतो आणि पुढच्या गोळ्या तो खरवडून नेतात. भांड्यावर कथील तांब्याला धरून राहतं, नळीत तेच त्याला सोडवतं!

दुसरा उपाय अमोनियाचा. नवसागर तापला की नाकात झोंबतो तोच हा वायू. त्याचं द्रावण तांबं विरघळवतं. रायफल रिकामी असल्याची खात्री करून आधी काजळी काढायची, मग द्रावणात भिजवलेली चिंधी मागच्या बाजूनं नळीत फिरवायची. चिंधी निळी निघाली तर तांबं अजून आहे. पितळी ब्रशही निळा रंग देतो, म्हणून फसू नये. द्रावण फार वेळ ठेवू नये, शेवटी पुसून तेल द्यावं.

तरीही खरा इलाज नळीच्या गुळगुळीतपणात आहे. खडबडीत नळी तांबं जास्त धरते, आणि चुकीच्या सळईनं घासघास घासली तर नळीचं तोंड झिजून नेम कायमचा जातो. भांडं असो की बंदूक, उजळण्याच्या हौसेपेक्षा जपण्याचं भान मोठं.