ड्रमला ‘एक कट’ मारण्याआधी
हॅम्बर्गमध्ये मागचे ब्रेक ड्रम झिजले की गॅरेजवाला सहसा नवी जोडीच बसवतो. मजुरी इतकी महाग की जुने कातून घेणं परवडत नाही. (ड्रम जुनाट समजू नका, फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक आयडी.३ लाही मागे तेच आहेत.) आपल्याकडे मेकॅनिक म्हणतो, "लेथवर एक कट मारून घेऊ." मला ते पटतं, पण मापात. बहुतेक ड्रमवर आतला कमाल व्यास मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. त्यापुढे कातलं की ड्रम पातळ होतो, लवकर तापतो, तडकूही शकतो. दोन्ही बाजू सारख्याच कातायच्या, नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एकीकडे ओढते. इथे दर दोन वर्षांच्या ‘ट्यूफ’ तपासणीत हे रोलरवर दिसतं. गावाकडे मात्र घाट उतरताना कळतं. बाबांची गाडी गॅरेजला असेल तर फोनवर आधी ते माप विचारा.