लाहायनाचा वड आणि वणव्यानंतरचं गाव

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांपैकी माउई बेटावर, अगदी समुद्रालगत, एक वड उभा आहे. वटपौर्णिमेला आपल्याकडे बायका दोरा गुंडाळतात तोच, त्याच जातीचा. २४ एप्रिल १८७३ रोजी विल्यम ओवेन स्मिथ नावाच्या शेरीफने तो लाहायना गावच्या कचेरीसमोर लावला, तेव्हा ते आठ फुटांचं रोप होतं. भारतातल्या मिशनऱ्यांनी भेट म्हणून पाठवलेलं. लाहायनातल्या पहिल्या अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनला पन्नास वर्षं झाली, त्याचं हे निमित्त. ज्या बोस्टनच्या मंडळाने १८१३ मध्ये मुंबईत आपलं मराठी मिशन सुरू केलं आणि ज्याच्या अहमदनगरच्या मंडळींनी १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ काढला, त्याच मंडळाची माणसं १८२० मध्ये हवाईत उतरली होती.

हवापाणी मानवलं आणि वड पसरत गेला. पारंब्या जमिनीत रुजून नवी खोडं झाली आणि सावली सुमारे पंचवीस गुंठ्यांवर पडू लागली. या वाढीमागे माणसाचा हात होता, असं गावात सांगतात. जिथे खोड हवं तिथल्या पारंबीला जपानी माळी पाण्याने भरलेली काचेची बरणी टांगत. पाण्याच्या ओढीने आणि वजनाने पारंबी सरळ खाली येई आणि झाड चहूबाजूंनी सारखं वाढे. एप्रिल २०२३ मध्ये गावाने वडाचा दीडशेवा वाढदिवस केला. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ८ ऑगस्टला, वणव्याने गावच खाल्लं.

१०२ माणसं गेली. निम्म्याहून अधिक साठीच्या पुढची होती. २,२०० हून अधिक इमारती जळाल्या किंवा त्यांचं नुकसान झालं, सुमारे १२,००० लोक बेघर झाले. मिनेसोटातल्या १९१८ च्या क्लोकेच्या वणव्यानंतर अमेरिकेत वणव्यात एवढी माणसं दगावली नव्हती.

लाहायनाचा इतिहास पर्यटकांच्या पुस्तिकांत सविस्तर आहे, म्हणून तो घाईने सांगते. १८२० ते १८४५ ही हवाईच्या राज्याची राजधानी. व्हेल मारणाऱ्या जहाजांचं बंदर. वरच्या टेकडीवर १८३१ सालची लाहायनालुना शाळा, जिथे १८३४ मध्ये हवाईचं पहिलं वर्तमानपत्र छापलं गेलं. शाळा वाचली. खाली गावात १८२३ साली स्थापन झालेलं वायोला चर्च, बाल्डविन मिशनऱ्यांचं घर, १९०१ चं पायोनियर इन, चिनी मंडळींचं वो हिंग सभागृह हे सगळं गेलं. जपानी बौद्धांचं जोदो मंदिर जळलं, त्याच्या आवारातला मोठा बुद्ध मात्र जागेवर बसलेला आहे.

पण मला जास्त गुंतवलं ते इथल्या पाण्याच्या कथेने. आज ज्या गावाचं नाव घेतलं की राख आठवते, ते एके काळी तळ्यांचं, पाटांचं आणि पाणथळ शेतांचं गाव होतं. मोकुहिनिया नावाचं मोठं तळं होतं, तळ्यात मोकुउला नावाचं छोटं बेट, आणि बेटावर राजा तिसऱ्या कामेहामेहाचं निवासस्थान. या तळ्यात किहावाहिने राहते, अशी श्रद्धा. ती राजघराण्यातली स्त्री, मृत्यूनंतर जलदेवता झालेली, अजस्र सरड्याचं रूप घेणारी. तिच्या कृपेने पाणी टिकतं, म्हणून तिचा मान राखायचा. आपल्याकडे विहिरीवरच्या आसरांना खणा-नारळाची ओटी ठेवणाऱ्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. या गावाची दुसरी ओळख सावलीची होती. घरोघरी नीरफणसाची झाडं इतकी, की जुन्या गाण्यांतून गावाचा उल्लेख त्या सावलीवरूनच होई.

मग ऊस आला. १८६० मध्ये पायोनियर साखर कारखाना सुरू झाला. ओढ्यांचं पाणी वळवून उसाला नेलं गेलं. खालची तळी आटली, डासांचं घर झाली, आणि १९१४ मध्ये मोकुहिनिया तळं बुजवण्यात आलं. त्यावर पुढे बेसबॉलचं मैदान झालं. राजाचं बेट मैदानाखाली गाडलं गेलं. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला कारखान्याचं गाव म्हणजे काय ते ठाऊक आहे: भोंगा, चिमणी, चाळी, मळीचा वास, लांबून आलेले मजूर. इथे जपानी, चिनी, पोर्तुगीज, फिलिपिनो मजूर आले, तिथेच राहिले, त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी गाव भरलं. त्यांच्या जुन्या लाकडी घरांत ‘कॅनेक’ नावाचे तक्ते असत. हे तक्ते उसाच्या चोथ्यापासून बनवत आणि वाळवी लागू नये म्हणून त्यांत आर्सेनिक घालत. वणव्यानंतरच्या राखेत आर्सेनिक आणि शिसं सापडलं, ते अशा जुन्या घरांमधून आणि जुन्या रंगांमधून.

१९९९ मध्ये कारखाना बंद पडला. चिमणी अजून उभी आहे, आगीतूनही वाचली. पण गावामागच्या उतारावरची उसाची जमीन पडीक राहिली आणि तिथे गिनी गवत, बफेल गवत माजलं. ही गवतं आफ्रिकेकडची, गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेली. पाऊस पडला की पुरुषभर वाढतात, उन्हात वाळून कोळ होतात, आणि जळाली तरी मुळापासून पुन्हा फुटतात. माझ्या मते लाहायनाच्या वणव्याचं खरं कारण या उतारावर आहे. विजेच्या तारेची ठिणगी त्या दिवशी पडली, सरपण मात्र चोवीस वर्षं साठत होतं. आणि कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. २०१४ मध्ये पश्चिम माउईसाठी केलेल्या वणवा-संरक्षण आराखड्यात लाहायनाला असलेला धोका स्पष्ट लिहिला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये लेन चक्रीवादळाच्या वाऱ्यात याच उतारावर आग लागून वीसेक घरं गेली होती. तरीही गवत तिथेच राहिलं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातला बागायतदार दिवाळीनंतर बागेची बेणणी करून घेतो, गडग्याबाहेर जाळरेषा काढतो, कारण सड्यावरचं वाळलेलं गवत पेटलं तर वीस वर्षं वाढवलेली कलमं एका दुपारी जातात, हे त्याने पाहिलेलं असतं. लाहायनात ज्यांच्या घरांमागे हे गवत होतं, त्यांची ती जमीनच नव्हती.

८ ऑगस्टच्या सकाळी बेटाच्या दक्षिणेला, शेकडो किलोमीटरवरून डोरा चक्रीवादळ जात होतं आणि उत्तरेला हवेचा मोठा दाब होता. दोहोंमधून डोंगरावरून वारा खाली कोसळला, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. डोंगरावरून उतरणारा हा वारा लाहायनाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, काउआउला म्हणतात त्याला. साडेसहाच्या सुमाराला लाहायनालुना रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेत पुन्हा वीज आली आणि गवत पेटलं. अग्निशमन दलाने आग आटोक्यात आणली, दुपारपर्यंत पहारा दिला आणि जवान निघाले. तीनच्या सुमाराला तिथेच पुन्हा धूर दिसला. कुठेतरी धुमसत राहिलेलं काही वाऱ्याने उडवून शेजारच्या घळीतल्या गवतात नेलं होतं. ऑक्टोबर २०२४ च्या चौकशी अहवालाचा निष्कर्ष हाच आहे. त्यानंतर आग गवताची राहिली नाही, घरांची झाली. एका घरावरून उडालेले निखारे पुढच्या घरावर. जळालेल्या घरांतल्या नळांमधून पाणी वाहून गेलं आणि रस्त्यावरच्या नळांना दाब उरला नाही. खांब पडून रस्ते अडले. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. इथे भोंगा म्हणजे त्सुनामी, तो ऐकून लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच पळाले असते, असं त्यावर अधिकाऱ्याचं स्पष्टीकरण होतं. समुद्रालगतच्या फ्रंट स्ट्रीटवर गाड्यांमध्ये अडकलेले लोक कठडा ओलांडून समुद्रात उतरले. तटरक्षक दलाने पाण्यातून सतरा जणांना बाहेर काढलं.

त्या रस्त्यावर लाल छपराचं एक पांढरं घर ओरखडाही न उमटता उभं राहिलं. मालकांनी थोड्याच काळापूर्वी पत्र्याचं छप्पर घातलं होतं आणि भिंतीलगतची झुडपं काढून गोटे पसरले होते, तेही आगीचा विचार न करता. या घराला चमत्कार म्हणतात. मला तो धडा वाटतो, तोही स्वस्तातला.

वड जळाला म्हणण्यापेक्षा भाजला म्हणावं लागेल. ज्वाळांपेक्षा आजूबाजूच्या उष्णतेने पानं कुरकुरीत तपकिरी झाली, साल काळवंडली. मग झाडांचे जाणकार आले. त्यांत ड्वेन स्पार्कमन हे माउईचेच, आणि स्टीव्ह निम्झ ओआहू बेटावरचे जुने तज्ज्ञ. त्यांच्या कामाची हकीकत मी वडाभोवतीच्या कुंपणाशी उभी राहून एका स्वयंसेवकाकडून ऐकली आणि बराच वेळ तिथून हलले नाही. आधी फांद्यांची साल नखभर खरवडून आत हिरवं आहे का, चीक येतो का, ते फांदी-फांदीवर बघितलं. माणसांच्या पायांनी दीडशे वर्षांत दगडासारखी झालेली माती मोकळी केली. त्यावर कंपोस्टचा थर दिला, कंपोस्टचं पाणी खोडांवर आणि मुळांवर फवारलं, टँकरने पाणी घातलं. आजूबाजूचं गाव अजून बंद होतं, माणसांचा शोध चालू होता, आणि ही मंडळी झाडाला पाणी देत होती. झाडाचं काय एवढं, असंही लोक म्हणाले असतील, मी विचारलं. स्वयंसेवक म्हणाला की ज्यांचं सगळं गेलं तेच आधी वडाची चौकशी करत. सप्टेंबर २०२३ मध्ये कोवळी पानं दिसली. जो भाग मेला तो पुढे कापून काढावा लागला, आणि तो भाग थोडा नाही. पण मधलं खोड जिवंत आहे. उरलेल्या झाडावर हिरवी पानं दाट आहेत.

स्पार्कमन यांच्या ‘ट्रीकव्हरी’ या संस्थेने आणखी एक काम काढलं आहे, जे मला वडाइतकंच मोलाचं वाटतं. घरं परत बांधणाऱ्यांना द्यायला ते कुंड्यांतून झाडं वाढवतात. घर उभं राहिलं की झाड फुकट.

इथे वयाने मोठ्या बाईला, ओळख असो-नसो, आंटी म्हणतात, आणि त्यामुळे बोलायला सोपं जातं. अशाच एका आंटीने मला तिचा प्लॉट दाखवला. तीन पिढ्या एका छपराखाली होत्या. आता स्वच्छ केलेली जमीन, कोपऱ्यात जळक्या नीरफणसाचा बुंधा, आणि त्याच्या मुळातून आलेले हातभर कोंब. मी तिला म्हटलं, आमच्या कोकणात याचे काप करतात, तिखट-मीठ, हळद लावून, रव्यात घोळवून. तिने दोनदा कृती विचारून घेतली. फळ यायला काही वर्षं जातील, ती म्हणाली, तोवर आम्ही परत आलेलो असलो पाहिजे.

हा ‘असलो पाहिजे’ मोठा प्रश्न आहे. आगीनंतर आठ हजारांच्या घरात लोक महिनोन्‌महिने हॉटेलच्या खोल्यांत राहिले. जमिनी विकत घ्यायला फोन येऊ लागले. ‘लाहायना विकायला नाही’ अशा पाट्या लागल्या. दोन वर्षं उलटल्यावरही पुन्हा बांधून पूर्ण झालेली घरं शंभराच्या आत होती. वीज कंपनी आणि इतरांनी मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची भरपाई कबूल केली, पण बांधकामाचा खर्च, परवाने आणि भाडं यांच्यापुढे कुटुंबाच्या वाट्याला येणारी रक्कम पुरेशी पडेल याची खात्री कुणीच देत नाही. अनेक कुटुंबं बेट सोडून गेली. स्थानिकांनी मिळून भूमी न्यास काढला आहे, विकावीच लागली तर जमीन गावच्याच माणसांकडे राहावी म्हणून. मे २०२४ मध्ये महापौर रिचर्ड बिसेन यांनी सुमारे ७,००० सदनिका पर्यटकांना भाड्याने देणं थांबवून त्या रहिवाशांसाठी मोकळ्या कराव्यात, असा प्रस्ताव मांडला, आणि त्यावर बेटभर वाद पेटला. मी आंटीच्या बाजूने आहे. वडाला जशी माणसं, पाणी आणि तातडी मिळाली, तशी तिच्या घराला मिळायला हवी होती.

अमेरिकेतले मराठी लोक सुट्टीत हवाईला जातात, तेव्हा त्यांना एक विनंती. लाहायनाला जरूर जा, वड बाहेरून बघा, पण रिकाम्या प्लॉटसमोर उभं राहून फोटो काढू नका. ती लोकांची घरं आहेत. राहायचं तर हॉटेलात राहा, राहत्या वस्तीतलं घर दिवसाच्या भाड्याने घेऊ नका. जेवण आणि खरेदी गावातल्या माणसांकडे करा. आणि पैसे द्यायचेच असतील तर झाडं वाढवणाऱ्या संस्थेला किंवा भूमी न्यासाला द्या.