तबकडीचा दुसरा जन्म
(लेखमाला : कापूसपट्ट्यातले सूर — लेखांक ६)

रॉबर्ट जॉन्सन १९३८ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनवुडजवळ वारला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. मिसिसिपीच्या डेल्टा या कापूसपट्ट्यातल्या आणि आसपासच्या ज्या गावांत तो शनिवारी रात्री गिटार घेऊन उगवायचा, तिथले लोक त्याला ओळखत. न्यूयॉर्कमध्ये दोन-चार जाझवेड्यांनी त्याची तबकडी ऐकली होती. ‘टेराप्लेन ब्लूज’ तेवढे बऱ्यापैकी खपले, बाकीची गाणी आली आणि गेली. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत कृष्णवर्णीयांच्या घरांत खरा वाजत होता तो इंडियानापोलिसचा लिरॉय कार. पियानोवर बसून मऊ, शहरी आवाजात गाणारा हा माणूस त्या श्रोत्यांचा लाडका तारा होता. आज मात्र ब्लूज म्हटले की लोक जॉन्सनचे नाव घेतात आणि कार फक्त जाणकारांपुरता उरला आहे.

ही उलथापालथ पुनर्प्रकाशनाने केली. मागच्या लेखांकानंतर काही वाचकांनी विचारले की ब्लूजचे नवे-जुने अल्बम घ्यायचे तर कोणते घ्यावेत, आणि एकाच गाण्याच्या दहा-दहा आवृत्त्या बाजारात का असतात. उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. पुनर्प्रकाशन म्हणजे जुन्या मालाला नवे वेष्टन, अशी आपली समजूत असते. ब्लूजच्या बाबतीत ती खोटी आहे. या संगीताचा जो इतिहास आपण ऐकतो, तो बराचसा १९५० नंतर कुणीतरी निवडलेला इतिहास आहे.

जॉन्सनचे ध्वनिमुद्रण दोनदाच झाले : नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओच्या गंटर हॉटेलात आणि जून १९३७ मध्ये डॅलसमध्ये. एकूण गाणी २९. जॉन हॅमंड या निर्मात्याने १९३८ च्या डिसेंबरात कार्नेगी हॉलच्या मैफलीसाठी त्याला बोलवायचे ठरवले, तर तो आधीच गेल्याची बातमी आली. हॅमंडने मग मंचावर त्याच्या तबकड्याच वाजवून दाखवल्या. पुढची जवळपास तेवीस वर्षे शांतता. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीत फ्रँक ड्रिग्ज यांनी १६ गाण्यांची एलपी काढली आणि तिला नाव दिले ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’. हयातीत ज्याला कुणी सरदारही म्हटले नव्हते, तो मेल्यावर राजा झाला! त्याचा एकही फोटो तेव्हा हाताशी नव्हता, म्हणून मुखपृष्ठावर चित्र घेतले : खुर्चीत बसलेला गिटारवाला, वरून पाहिलेला, चेहरा न दिसणारा. माझ्या मते या चित्राने निम्मे काम केले. बिनचेहऱ्याच्या माणसाला हवी ती कथा चिकटवता येते. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकल्याची दंतकथा याच काळात वाढली. एरिक क्लॅप्टन, कीथ रिचर्ड्स यांच्यासारख्या इंग्लंडमधल्या पोरांनी ती एलपी झिजेपर्यंत ऐकली आणि पुढच्या रॉकचा एक झरा तिथून फुटला.

१९९० मध्ये त्याच कंपनीने दोन सीडींच्या संचात २९ गाण्यांचे ४१ टेक (टेक म्हणजे एका गाण्याचे एकेक स्वतंत्र ध्वनिमुद्रण) एकत्र काढले. जाणकारांपुरती राहील अशी वाटणारी ही वस्तू दहा लाखांवर खपली आणि पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळाले. नंतर आणखी एक टेक सापडला. पंख्याखाली वा बसमध्ये सहज लावावे असे हे संगीत नव्हे, तरीही ते इतके खपले.

पण जॉन्सनच का, असा प्रश्न उरतो. गुणवत्ता आहेच. त्याची गिटार ऐकताना दोन माणसे वाजवत असल्याचा भास होतो. त्याच्या जोडीला एक रूक्ष कारण आहे, ज्याकडे चरित्रकारांचे लक्ष कमी जाते. तबकडी छापायला धातूचे साचे लागतात. जॉन्सनचे ध्वनिमुद्रण ज्या कंपनीने केले, तिची मालमत्ता पुढे कोलंबियाकडे आली आणि कोठारात त्यातले बरेच काही टिकले. म्हणून त्याचा आवाज आज आपल्याला बऱ्यापैकी स्वच्छ ऐकू येतो, आणि न छापलेले पर्यायी टेकही मिळतात.

आता चार्ली पॅटन घ्या. वयाने वडील, डेल्टातल्या सगळ्यांचा एका अर्थाने गुरू. जॉन्सनने ज्यांच्याकडे पाहून धडे गिरवले ते सन हाऊस आणि विली ब्राऊन हे पॅटनचे साथीदार. त्याच्या तबकड्या पॅरामाउंटने काढल्या. ही कंपनी मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. कारखान्यात फोनोग्राफची कपाटे बनू लागली. कपाटे खपवायची तर तबकड्या हव्यात, म्हणून तबकड्याही काढल्या. ग्राफ्टन गावातला छापखाना, हलका कच्चा माल, संगीताशी मालकांना देणेघेणे नाही. तरीही पॅटन, हाऊस, स्किप जेम्स, ब्लाइंड लेमन जेफरसन, मा रेनी हे सगळे याच दारात आले. महामंदीने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी बसली. धातूचे साचे भंगारात गेले. नोकरांनी उरलेल्या तबकड्या नदीत भिरकावल्याची गोष्ट तिथे आजही सांगतात. गोष्टच असेल कदाचित. पॅटन आज जो ऐकू येतो तो कुणाच्या तरी घरात झिजलेल्या, चरे पडलेल्या एखाद्या प्रतीवरून उतरवून घेतलेला. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटते, पाऊस पडतोय आणि पलीकडे कुणीतरी ओरडतोय. दहा मिनिटे कळ काढावी लागते, मग कान पाऊस बाजूला सारतो.

इथे आपल्या देशाचा एक खरा धागा आहे. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळते आणि तिचा सर्वांत मोठा पुरवठा छोटा नागपूरच्या जंगलांतून व्हायचा. मिसिसिपीतल्या शेतमजुराचा आवाज आपल्याकडच्या आदिवासींनी गोळा केलेल्या लाखेवर कोरला जात होता. दुसरे महायुद्ध पेटल्यावर ही आयात आटली. १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत मोठी कपात केली आणि जुन्या तबकड्या वितळवण्यासाठी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या. किती पॅटन आणि किती जेम्स त्यात नव्या नाचगाण्यांखाली गाडले गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. विली ब्राऊनची ‘किकिंग इन माय स्लीप ब्लूज’ ही तबकडी निघाल्याची नोंद आहे, पण तिची प्रत अजून कुणाला सापडलेली नाही. सन हाऊसची ‘क्लार्क्सडेल मोन’ तशीच हरवली होती. ती अखेर मिळाली आणि २००६ मध्ये याझू कंपनीच्या संचात लोकांनी ऐकली. टॉमी जॉन्सन या दुसऱ्या ब्लूज गायकाच्या एका दुर्मीळ पॅरामाउंट तबकडीसाठी २०१३ मध्ये एका संग्राहकाने ३७,१०० डॉलर मोजले.

संग्राहक ही या कथेतली विलक्षण जमात. १९४० च्या दशकात जेम्स मक्यून नावाचा एक गृहस्थ ब्रुकलिनच्या वायएमसीएमधल्या खोलीत राहायचा. पलंगाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात त्याच्या मोजक्या तबकड्या. श्रोत्यांना काय आवडले होते, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. खरबरीत, एकांडे, डेल्टाचे जे असेल तेच श्रेष्ठ, असे त्याचे कान सांगत. १९५९ मध्ये सॅम्युअल चार्टर्स यांनी ‘द कंट्री ब्लूज’ हे पुस्तक आणि त्याच नावाची एलपी काढली. चार्टर्स यांनी त्या काळी खपलेल्या कलाकारांना मान दिला, म्हणून मक्यूनच्या गोटात संताप उसळला. त्यांच्यातल्या दोघांनी ओरिजिन जाझ लायब्ररी हे लेबल सुरू केले आणि पहिलीच एलपी पॅटनची काढली. पुढच्या एकीचे नाव तर ‘रियली! द कंट्री ब्लूज’. खरे कंट्री ब्लूज आम्ही ऐकवतो, तुम्ही नव्हे! आपल्याकडे घराण्यांवरून होणारे वाद ज्यांनी ऐकलेत, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

या भांडणात अखेर मक्यूनची रुची जिंकली. गंमत अशी की बहुतेक गोऱ्या, शहरी, एकलकोंड्या पुरुषांच्या आवडीने कृष्णवर्णीय खेड्यांच्या संगीताचा मानक्रम ठरवला. लिरॉय कार मागे पडला तो इथे. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्यांनी रद्दीच्या भावात पडलेली खोकी उपसली नसती तर पॅटन आज फक्त यादीतले नाव असता. पण निवड त्यांची होती, हे ऐकताना विसरू नये.

या वादावर ऑस्ट्रियातल्या योहान पार्थ यांनी शोधलेला उपाय मला फार आवडतो. युरोपात तेव्हा ध्वनिमुद्रणावरचा हक्क ५० वर्षांनी संपत असे आणि मग ते कुणीही पुन्हा काढू शके. पार्थ यांनी डॉक्युमेंट या लेबलखाली युद्धपूर्व ब्लूजचे जवळजवळ सगळे, कालक्रमाने, जसे मिळेल तसे काढायला घेतले. चांगले-वाईट ठरवायचेच नाही. या सीडी ऐकायला कंटाळवाण्या आहेत हे कबूल. एकाच गायकाची एकसारखी चोवीस गाणी ओळीने कोण ऐकणार? पण पुढचा प्रत्येक निवडकर्ता त्यांच्याच खांद्यावर उभा आहे.

पुनर्प्रकाशनाने एकदा चक्क माणूस परत आणला. हॅरी स्मिथ यांनी १९५२ मध्ये फोकवेज कंपनीसाठी जुन्या व्यावसायिक तबकड्यांतून ८४ गाण्यांचा संच केला. त्यात मिसिसिपी जॉन हर्ट याची १९२८ मधली दोन गाणी होती. गायक गोरा की काळा, हे स्मिथ यांनी मुद्दाम लिहिले नाही. हर्टचा आवाज इतका शांत की अनेकांना तो डोंगराळ भागातला गोरा वाटला. पुढे त्याच्या ‘अ‍ॅव्हलॉन ब्लूज’ या गाण्यातल्या गावाच्या नावावरून टॉम हॉस्किन्स हा तरुण १९६३ मध्ये नकाशा धुंडाळत अ‍ॅव्हलॉनला पोचला. सत्तरीचा हर्ट तिथेच होता. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोक त्याला ऐकत होते. १९६६ मध्ये तो गेला, पण मधल्या तीन वर्षांत त्याने जे नव्याने ध्वनिमुद्रित केले त्यात बोटांची नजाकत तशीच आहे.

सगळ्यांचे नशीब असे नव्हते. तेव्हाचा करार म्हणजे बहुधा गाण्यामागे ठरावीक रोख रक्कम, पुढच्या खपाशी संबंध शून्य. जॉन्सनचा संच लाखांनी खपला तेव्हा पैसा कुणाचा, यावर मिसिसिपीत खटला उभा राहिला. खडीचा ट्रक चालवणारे क्लॉड जॉन्सन हे त्याचे पुत्र असल्याचे न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केले, आणि दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. बापाला त्यांनी लहानपणी आजोळच्या दारातून दुरून पाहिले होते. अमेरिकेच्या २०१८ च्या कायद्याप्रमाणे १९२३ ते १९४६ मधल्या तबकड्यांचा हक्क १०० वर्षे चालतो. म्हणजे पॅटनची १९२९ ची गाणी २०३० च्या पहिल्या दिवशी खुली होतील. तेव्हा आवृत्त्यांचा नवा पूर येईल.

नव्या अल्बमांकडे वळू. मिसिसिपीच्या क्लार्क्सडेलचा क्रिस्टोन ‘किंगफिश’ इन्ग्रम १९९९ चा जन्म. त्याच्या ‘६६२’ या २०२१ मधल्या अल्बमचे नाव त्याच्या भागाचा टेलिफोन कोड आहे आणि वादन जॉन्सनपेक्षा शिकागोच्या विजेच्या गिटारींचे वारस आहे. त्याच वर्षीचा सेड्रिक बर्नसाइडचा ‘आय बी ट्राइंग’ मला अधिक भावतो. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांतले हे संगीत एकाच स्वरसंगतीवर घोळत राहते आणि त्याने ते आजोबा आर. एल. बर्नसाइड यांच्या मांडीला मांडी लावून घेतले आहे. दोघांनाही २०२२ मध्ये ग्रॅमी मिळाले.

पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचे काम रिआनन गिडन्स करतात. १९२० च्या दशकात कंपन्यांनी दोन याद्या केल्या : कृष्णवर्णीयांसाठी ब्लूज, गोऱ्या खेडुतांसाठी फिडल आणि बँजो. बँजो तर आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे वाद्य. तरी कृष्णवर्णीय फिडलवाला दारात आला की कंपनी म्हणायची, ब्लूज येतात का? त्यामुळे त्यांच्या तंतुवाद्यांच्या मेळांचे ध्वनिमुद्रण फार थोडे झाले. जे तबकडीवर आलेच नाही ते पुनर्प्रकाशित कुठून करणार? गिडन्स आणि त्यांचे सहकारी म्हणून नॉर्थ कॅरोलिनातल्या वयोवृद्ध जो थॉम्पसन यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि फिडल त्यांच्याकडून शिकले. त्यातून ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’चा २०१० चा ‘जेन्युइन नीग्रो जिग’ आला आणि त्यालाही ग्रॅमी मिळाले. मला तो जॉन्सनच्या संचाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

घेताना काय पाहावे? जुन्या गाण्यांचा संच असेल तर तबकडी कुणाच्या संग्रहातली आणि ध्वनी कुणी साफ केला हे लिहिले आहे का ते बघा. नसेल तर पैसे वाचवा. फार स्वच्छ केलेला आवाजही टाळावा. खरखर काढताना गिटारीच्या तारेचे टोकदारपण निघून जाते आणि गायक उशीआडून बोलतोय असे वाटते. पॅरामाउंटचा २०१३ आणि २०१४ मधला दोन भागांचा अवाढव्य संच, पहिला भाग ओकच्या लाकडी पेटीत, मोहात पाडतो. शेतमजुरांच्या गाण्यांना इतके राजेशाही घर बघून मला थोडे ओशाळायला होते, पण आतल्या टिपणांना तोड नाही. सुरुवात मात्र हर्टच्या १९२८ च्या १३ गाण्यांनी करा. आवाज स्वच्छ, चाल सोपी. तिथून पॅटनकडे. मग मुद्दाम लिरॉय कार आणि त्याचा गिटारवादक साथीदार स्क्रॅपर ब्लॅकवेल लावा, आणि मक्यूनशी मनातल्या मनात वाद घाला.

पुढच्या लेखांकात बायका. १९२० मध्ये मॅमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ने हा धंदा उघडला आणि त्यानंतरची काही वर्षे ब्लूज म्हणजे बायकांचेच गाणे होते. त्यांना संग्राहकांच्या खोक्यांत जागा का मिळाली नाही, ते पाहू.