दडपणाखाली कोलमडणे (क्रीडा मानसशास्त्र)

दडपणाखाली कोलमडणे ही क्रीडा मानसशास्त्रातील एक संज्ञा आहे. निर्णायक क्षणी एखाद्या खेळाडूची कामगिरी त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा एकाएकी खालावते, तेव्हा ती वापरतात. ‘चोकिंग’ या इंग्रजी शब्दावरून क्रिकेट समालोचनात ‘चोकर्स’ हे हिणवणारे विशेषण रूढ झाले आहे. प्रतिस्पर्धी सरस ठरल्यामुळे झालेला पराभव या संज्ञेत मोडत नाही.

कारणमीमांसा

नवशिका खेळाडू प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करतो. दीर्घ सरावानंतर ती अंगवळणी पडते आणि जाणीवपूर्वक नियंत्रणाची गरज उरत नाही. दडपणाखाली मात्र खेळाडूचे लक्ष पुन्हा स्वतःच्या हातापायांकडे वळते व सहज घडणारी क्रिया खंडित होते. पाय कसा पडतो हे पाहत जिना उतरणारा माणूस अडखळतो, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात ही भूमिका मांडली. दुसऱ्या मतानुसार चिंतेमुळे अवधान विभागले जाते. डावपेच आखताना होणाऱ्या चुकांना हे स्पष्टीकरण अधिक लागू पडते. दोन्ही मते पाहता या अपयशाला भित्रेपणा म्हणणे योग्य ठरत नाही.

उदाहरणे

१९९३ च्या विम्बल्डन महिला एकेरीच्या अंतिम सामन्यात चेक खेळाडू याना नोव्होत्ना स्टेफी ग्राफविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ४–१ अशी पुढे होती. स्वतःच्या सर्व्हिसवर ४०–३० असताना तिने दुहेरी चूक केली. त्यानंतर सोपे फटकेही चुकत गेले, ४–३ असताना एकाच गेममध्ये तिच्याकडून तीन दुहेरी चुका झाल्या आणि ग्राफने तो सेट ६–४ असा जिंकला. पारितोषिक समारंभात डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडणाऱ्या नोव्होत्नाचे छायाचित्र जगभर गाजले. १९९८ मध्ये तिने हेच विजेतेपद मिळवले. तरीही तिचा उल्लेख बहुधा त्या पराभवासंदर्भातच होतो.

१९९९ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन चेंडूंत एक धाव हवी असताना दक्षिण आफ्रिकेचा ॲलन डोनाल्ड धावबाद झाला व सामना बरोबरीत सुटला. हे उदाहरण नेहमी दिले जाते. मात्र तो दोन फलंदाजांमधील गोंधळ होता, कौशल्य हरपल्याचा प्रसंग नव्हे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सला हवेत असताना शरीराच्या स्थितीचे भान राहीनासे झाले, म्हणून तिने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हा प्रकार वेगळा मानावा लागतो, कारण येथे गंभीर दुखापतीचा धोका असतो.

उपाय

सायन बायलॉक आणि थॉमस कार यांनी २००१ साली गोल्फच्या पटिंगवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. चित्रीकरण सुरू असताना सराव केलेल्यांची कामगिरी पुढे दडपणाखाली ढासळली नाही. त्यामुळे सरावातच प्रेक्षक, गोंगाट किंवा पैज यांसारखे कृत्रिम दडपण आणण्याची पद्धत सुचवली जाते. फटक्यापूर्वीचा ठरावीक क्रम पाळणे, श्वासावर नियंत्रण ठेवणे आणि शरीराऐवजी लक्ष्यावर नजर स्थिर करणे हेही उपाय वापरात आहेत.