निम्मे सांगून दारू सुटत नाही



वसंत व्याख्यानमालेत श्रोत्यांनी आजवर संतांविषयी ऐकले, शास्त्रज्ञांविषयी ऐकले, मोठमोठ्या ग्रंथांविषयी ऐकले. आम्ही पडलो हमालांच्या संघटनेतले. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि मजुरांच्या बैठकांत. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा कोणी ठेवू नये. आम्ही फक्त एका अर्जाची हकीकत सांगणार आहोत आणि त्या निमित्ताने एक विषय समजावून देणार आहोत.

गेल्या हिवाळ्यात धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडची सात-आठ तरुण मंडळी साक्रीला आमच्या कचेरीत आली. त्यांना संघटनेचे सभागृह शुक्रवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या दुपारपर्यंत हवे होते. काम काय, असे विचारताच त्यांतल्या एकाने सरळ सांगितले, ‘काका, आम्ही दारू सोडलेली माणसे आहोत. आमच्यांत कोणी समलिंगी आहेत, कोणी तृतीयपंथी आहेत. दोन दिवस एकत्र बसायचे आहे.’

कार्यकारिणीत या अर्जावर वाद झाला. एक जण म्हणाले, ‘ही भानगड आपल्या दारात नको.’ दुसरे म्हणाले, ‘दारू सोडणाऱ्यांचा मेळावा जरूर भरवा; पण मग सगळ्यांचाच भरवा. यांचा वेगळा कशाला?’ पहिल्या आक्षेपाला फारसे उत्तर नको. दुसरा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे, आणि आजचे आमचे सारे बोलणे त्याच्याच उत्तरादाखल आहे.

प्रथम दारू सुटते कशी ते पाहू. आमच्या तालुक्यात मोहाची दारू आहे, गावठी आहे आणि महामार्गावर बाटलीचीही आहे. दारू सोडतो म्हणून शपथ घेणारे आम्ही शेकडो पाहिले. देवापुढे घेतलेली शपथ शनिवारी हप्ता हातात पडेपर्यंत टिकते. याचे कारण असे की, जुन्या व्यसनात नुसती इच्छा पुरत नाही. शरीर आणि मन दोन्ही दारूच्या हवाली झालेली असतात. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शस्त्रवैद्य, असे दोन दारुडे एकत्र आले. एका दारुड्याने दुसऱ्यापाशी आपली गोष्ट काही न लपवता सांगितली, तर दोघांनाही त्या दिवसापुरते न पिता राहता येते, असा त्यांना अनुभव आला. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ निघाली. १९५७ साली ती भारतात आली आणि मुंबईत तिच्या बैठका भरू लागल्या. पुढे १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले. तेथेही औषधाइतकेच महत्त्व आहे ते माणसाने मन मोकळे करण्याला.

तात्पर्य, या उपचाराचे मुख्य औषध खरे बोलणे हे आहे. ते निम्मे घेतले तर गुण येत नाही. हे आम्ही पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्यात आमचीही चूक होती, म्हणून सांगतो.

बाजार समितीत आमचा एक हमाल होता. अंगाने दणकट, स्वभावाने गोड. आम्ही त्याला दोनदा व्यसनमुक्तीसाठी पोहोचविले. दोन्ही वेळा चार-सहा महिने बरा राहिला आणि पुन्हा प्याला. दुसऱ्या खेपेनंतर आम्ही रागावलो, तेव्हा तो आमच्या अहिराणीत म्हणाला, ‘भो, मी निम्मंच सांगं, निम्मं सांगता उनं नही.’ राहिलेले निम्मे काय, ते त्याने त्या रात्री आम्हांला सांगितले. त्याचे मन पुरुषाकडे ओढ घेत होते. घरच्यांनी लग्न लावून दिले होते. त्या बाईचीही फसवणूक झाली, हे दुःख त्याला खात होते. व्यसनमुक्तीच्या बैठकीत ‘का पितोस?’ असे विचारल्यावर तो कर्जाचे कारण सांगे. खरे कारण सांगावे तर सभोवार बसलेले सगळे याच भागातले. गोष्ट गावात पोहोचायला कितीसा वेळ?

आम्ही त्याला काय म्हणालो? ‘हे पुन्हा कोणाजवळ बोलू नकोस.’ आम्हांला वाटले, आपण त्याला सांभाळून घेतले. खरे पाहता त्याने मोठ्या कष्टाने उघडलेले दार आम्ही बाहेरून लावून घेतले. पुढच्या पावसाळ्यात कावीळ होऊन तो गेला.

आता ‘वेगळा कशाला’ याचे उत्तर मिळते. हा प्रश्न त्या चळवळीलाही पहिल्या दोन-तीन वर्षांतच भेटला. संस्थेच्या १९५३ च्या पुस्तकात हकीकत आहे की, एक माणूस आला आणि म्हणाला, मला दारूहूनही अधिक निंद्य मानला जाणारा एक कलंक आहे. मला घ्याल काय? सभासदांत बरीच कुजबूज झाली. शेवटी, परमेश्वराने या प्रसंगी काय केले असते, या एका प्रश्नावर वाद मिटला आणि तो आत आला. तो कलंक म्हणजे समलिंगी ओढ, हे बिल विल्सन यांनीच पुढे उलगडून सांगितले. सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट, हा नियम त्या संस्थेत आजही आहे.

परंतु दार उघडे असणे वेगळे आणि आत जाऊन मोकळे बोलता येणे वेगळे. म्हणून १९६८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे समलिंगी मंडळींची निराळी बैठक सुरू झाली. असे गट संस्थेच्या यादीत छापावे की नाही यावर वाद होऊन १९७४ साली ते छापण्याचे ठरले. १९७६ साली त्याच शहरात ‘लिव्हिंग सोबर’ या नावाचा मोठा मेळावा भरला. अशा मेळाव्यांना तिकडे ‘राउंडअप’ म्हणतात. मूळ शब्द गुराख्यांचा; रानात पांगलेली गुरे वळून एकत्र आणणे असा त्याचा अर्थ. आपल्या खानदेशात तो समजावून सांगण्याची गरज नाही.

शनिवार-रविवारच का? एक तर पिणाऱ्याला सर्वांत अवघड रात्र तीच. दुसरे असे की, अमेरिकेत कित्येक वर्षे या लोकांना एकमेकांना भेटण्याची जागा म्हणजे दारूचा गुत्ताच होती. बाहेर पोलिसांची भीती, घरी बदनामीची. मोकळेपणा मिळे तो पेल्याच्या सोबतीने. आपल्याकडेही चोरून भेटावे लागते तेथे धीर यावा म्हणून बाटली आधी येते. अशा माणसाने दारू सोडली की सोबतही सुटते. दारूवाचून सोबत मिळू शकते, हे त्याला दोन दिवस प्रत्यक्ष दाखवावे, हाच या मेळाव्याचा हेतू.

कामकाज साधे असते. शुक्रवारी ओळख, आडनाव कोणी विचारीत नाही, छायाचित्र कोणी काढीत नाही, ऐकलेले कोणी बाहेर नेत नाही. शनिवारी दिवसभर बैठका: एक जण आपली गोष्ट सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. उपदेश नाही, जाब नाही. रात्री गाणी, नाच, जेवण, किटल्या चहाच्या. पुष्कळांच्या आयुष्यात न पिता नाचण्याची ती पहिलीच रात्र असते. रविवारी सकाळी ज्यांना वर्ष झाले, महिना झाला, एक दिवस झाला, त्यांचे कौतुक होते. नव्या माणसाला जुना सोबती मिळतो. घसरण्याची वेळ आली तर कोणाला फोन करावयाचा हे ठरते. सोमवारी प्रत्येकाला आपल्या गावीच परतायचे असते, म्हणून या शेवटच्या गोष्टीचे मोल सर्वांत जास्त.

एक इशारा दिला पाहिजे. हा मेळावा म्हणजे इस्पितळ नव्हे. जो रोज भरपूर पितो त्याने एकाएकी दारू तोडली तर हातपाय कापतात, भास होतात, फेफरेही येते. प्रसंगी जीव जातो. त्याला आधी डॉक्टरकडेच न्यावे. मेळावा त्यानंतरच्या वाटचालीसाठी आहे.

‘भानगड’ म्हणणाऱ्यांस थोडे सांगून संपवितो. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुक येथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा अर्ज महिलांच्या जागेसाठी नाकारला गेला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला, आणि जानेवारी २०२१ मध्ये गावाने त्यांना ग्रामपंचायतीवर निवडून दिले. न्यायालयाने हक्क दिला, गावाने मत दिले. मग हमालांच्या संघटनेने एक खोली देऊ नये काय?

आमच्या संघटनेत बायकांची बैठक वेगळी भरते. पुरुषांसमोर मुकादमाचे वागणे त्यांना सांगता येत नसे, म्हणून ती सुरू केली. तीमुळे संघटना फुटली नाही. उलट बायका सर्वसाधारण सभेत अधिक बोलू लागल्या. हा दाखला आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवला आणि त्या हमालाची हकीकतही, नाव न घेता, सांगितली. मतदान झाले. सात विरुद्ध चार मतांनी सभागृह देण्याचे ठरले, भाडे न घेता. विरोधी चारांपैकी एकाने मागाहून येऊन विचारले की, पिण्याच्या पाण्याचे पिंप किती लागतील.

मेळावा पार पडला. आत काय बोलले गेले ते आम्हांला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसावे हाच नियम आहे. रविवारी दुपारी किल्ली परत आली तेव्हा सभागृह झाडलेले होते आणि सतरंज्या घड्या घालून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षीचा अर्ज त्यांनी त्याच वेळी दिला आहे.