दोन बाळंतपणांमधलं अंतर

दिवाळी उरकली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. कडेवर वर्षाचं मूल, पोटात दुसरं, आणि हातात विटेचा साचा. अशा आईच्या अंगातलं लोह आणि फोलेट भरून निघायला उसंतच मिळत नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू घडायला मात्र तेच लागतं.

कॅलिफोर्नियातल्या मुलांच्या नोंदींवर २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या बाळंतपणानंतर वर्षाच्या आत दिवस राहिले, तर दुसऱ्या मुलात स्वमग्नतेची शक्यता तीन वर्षं किंवा अधिक अंतर असलेल्यांपेक्षा तिपटीहून जास्त दिसली. त्यामागचं नेमकं कारण मात्र सिद्ध झालेलं नाही. म्हणून ज्यांची मुलं पाठोपाठची आहेत, त्यांनी धास्तावू नये. अशी बहुतेक मुलं सुखरूपच वाढतात.

आईची झीज मात्र डोळ्यांना दिसते. बाळंतपणानंतर निदान २४ महिने थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी तांबी, दर तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शन, ‘छाया’ गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. भट्टीवर निघण्याआधी आशाताईंना भेटा, पुढचं इंजेक्शन कुठे घ्यायचं तेही विचारून ठेवा. नवऱ्यानंही सोबत जावं.